दाणा, जाळं आणि तळं: पाखरांना खाऊ घालण्याचा आपला इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात आलेलं बरंचसं तसंच ठेवलंय.

विषय अगदी मूठभर आहे. मूठभर म्हणजे खरोखर मूठभर! आपण पाखरांपुढे टाकतो ती दाण्यांची मूठ.

ऑगस्ट २०२५ आठवतोय का? मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली होती आणि जमावाने ती फाडली. हा कबुतरखाना १९३३ पासूनचा. त्याआधी जुलैमध्ये सरकारने कबुतरखाने बंद करण्याची भूमिका घेतली होती, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं होतं. एका बाजूला लोक म्हणत होते, कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेमुळे फुप्फुसांचे आजार होतात. दुसरी बाजू म्हणत होती, मुक्या जिवाला दाणा देणं हे आमचं पुण्य आहे, परंपरा आहे. तुमच्या मोबाइलवर तेव्हा दोन्ही बाजूंच्या रील्स येऊन गेल्या असतील.

त्या भांडणात एक शब्द फार वापरला गेला: परंपरा. आपला कार्यक्रम इतिहासाचा, त्यामुळे आपण विचारायचं, कुठली परंपरा? पाखरांना खायला घालण्याची आपल्याकडची जुनी गोष्ट नेमकी काय आहे? आणि ती शोधायला मुंबईला जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच ती दीड हजार वर्षांपासून लिहिलेली, रंगवलेली आणि पाण्यावर तरंगलेली सापडते.

अजिंठ्याच्या भिंतीवरचं तळं

सुरुवात अजिंठ्यापासून करू. शहरापासून उत्तरेला साधारण १०० किलोमीटर. इथली बरीचशी प्रसिद्ध चित्रं इसवी सनाच्या पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. २ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांमध्ये हंस जातकाचं चित्र आहे. जातक म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथा. या कथेत बोधिसत्त्व हंसांचा राजा आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. वाराणसीच्या राजाच्या कानावर येतं की मानस सरोवरावर दोन अद्भुत हंस राहतात, एक हंसांचा राजा आणि दुसरा त्याचा सेनापती सुमुख. राजाला ते हंस बघायचे असतात. मग तो काय करतो? शहराजवळ एक सुंदर तळं तयार करवतो. कमळं, स्वच्छ पाणी, पाखरांना हवं ते सगळं. आणि जाहीर करतो की या तळ्यावर येणाऱ्या कुठल्याही पक्ष्याला भीती नाही. बातमी पाखरांमध्ये पसरते, हंसांचा थवा उतरतो. आणि मग राजाचा पारधी फास लावतो!

हंसांचा राजा अडकतो. थवा उडून जातो. सुमुख मात्र जागचा हलत नाही. ही निष्ठा बघून पारधी विरघळतो आणि दोघांनाही सोडून देतो. पुढे ते स्वतःहून राजाकडे जातात, राजाला चार शहाणपणाच्या गोष्टी सांगतात आणि आपल्या सरोवराकडे परततात.

आपण या गोष्टीत नेहमी सुमुखाची मैत्री बघतो. आज जरा राजाकडे बघा. तो वाईट माणूस नाही. त्याला पाखरं आवडतात. त्याने खर्च केलाय, तळं बांधलंय, अभय दिलंय. पण त्याच्या या आवडीच्या शेवटी फास आहे. त्याला हंस त्याच्या वेळेला, त्याच्या डोळ्यांपुढे हवे आहेत. रानातल्या जिवावर माया करणाऱ्या माणसाची ही अडचण त्या चित्रकारांना पाचव्या शतकात कळलेली होती.

अजिंठ्यातच १ क्रमांकाच्या लेण्यात दुसरा राजा भेटतो, शिबी. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. ससाण्याच्या भीतीने एक कबूतर राजाच्या आसऱ्याला येतं. ससाणा म्हणतो, माझं भक्ष्य मला दे. राजा कबूतर देत नाही, आणि ससाण्यालाही उपाशी ठेवत नाही. कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस तराजूत घालतो. कथा टोकाची आहे, पण त्यातली एक गोष्ट डोक्यात ठेवा. शिबीला ससाण्याची भूकही दिसते. कबूतर गोंडस आणि ससाणा खलनायक, असा सोपा हिशोब तो करत नाही.

गोदाकाठचे तांदूळ

आता अजिंठ्याहून दक्षिणेकडे येऊ, गोदावरीवर. 'हितोपदेश' हा नारायण पंडितांचा संस्कृत कथासंग्रह. त्यातली मित्रलाभाची पहिली मोठी गोष्ट गोदावरीच्या काठावरच्या एका प्रचंड सावरीच्या झाडापाशी सुरू होते. पहाटे एक पारधी येतो, तांदूळ पसरतो, जाळं लावतो आणि दडून बसतो. वरून कबुतरांचा थवा जातो. त्यांचा राजा चित्रग्रीव. बाकीच्यांना तांदूळ दिसतात, चित्रग्रीवाला प्रश्न पडतो: जिथे माणूस राहत नाही तिथे तांदूळ येतील कसे?

पुढचं तुम्हाला माहीत आहे. थवा ऐकत नाही, उतरतो, अडकतो, आणि मग सगळे मिळून जाळ्यासकट उडतात. शाळेत आपण याचं तात्पर्य लिहिलं, 'एकीचे बळ'. पण चित्रग्रीवाचा तो पहिला प्रश्न जास्त कामाचा आहे. जुन्या काळात रानात पसरलेला दाणा हा बहुतेक वेळा पारध्याचा असायचा. रानातल्या पाखरापुढे मुद्दाम दाणा टाकण्याचं सगळ्यात जुनं कारण पुण्य नसून शिकार असावी, असं म्हणायला जागा आहे. मराठीत आजही 'दाणा टाकून बघणे' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच!

एक घास चिऊचा, एक घास काऊचा

मग प्रेमाने दिलेला घास कुठे होता? तो घरात होता.

तुम्ही लहानपणी जेवत नव्हता तेव्हा आई किंवा आजी काय म्हणायची? एक घास चिऊचा, एक घास काऊचा. म्हणजे मराठी मूल स्वतःच्या ताटाची ओळख करून घेतं तीच पाखरांच्या वाट्यासकट. यामागे मोठी जुनी चौकट आहे. धर्मशास्त्रात गृहस्थाची रोजची पाच कर्तव्यं सांगितली, पंचमहायज्ञ. त्यातला एक भूतयज्ञ: घरात शिजलेल्या अन्नातला भाग कुत्री, कावळे, किडे-मुंग्या यांच्यासाठी बाहेर ठेवायचा. काकबळी हा शब्द तिथलाच. पुढे ज्ञानेश्वरांच्या विराणीतली विरहिणी कावळ्याला शकुन विचारते आणि त्याला दहीभात देऊ करते. कावळा म्हणजे निरोप्या. पितृपक्षात तर तो पितरांचा प्रतिनिधी. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरातल्या मोठ्या माणसांचे चेहरे बघा, मग या पाखराचं वजन कळतं.

आता इथे एक थांबा घेऊ. दर भाद्रपदात एक मेसेज फिरतो. 'कावळे याच महिन्यात अंडी घालतात, पिलांना सकस आहार मिळावा म्हणून ऋषींनी श्राद्ध लावलं. आणि वड-पिंपळाचं बी फक्त कावळ्याच्या पोटातून गेल्यावरच रुजतं.' ऐकायला छान वाटतं. पण तपासून बघा. कोकीळ कधी ओरडतो? उन्हाळ्यात. का? कारण कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, आणि आपल्याकडे कावळ्यांची घरटी उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर असतात. भाद्रपद येईपर्यंत बहुतेक पिलं उडून गेलेली असतात. आणि वड-पिंपळाची फळं बुलबुल, साळुंक्या, तांबट, हरियाल, वटवाघळं असे कितीतरी जीव खातात आणि बिया पसरवतात. पिंपळाची मक्तेदारी एकट्या कावळ्याकडे नाही.

परंपरेला उसनं विज्ञान चिकटवायची गरजच नाही. 'मी जेवतोय, तर माझ्या ताटात बाहेरच्या जिवाचाही वाटा आहे', एवढा विचार स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो.

गंमत बघा, ज्याला आपण पितर मानतो तो कावळा कायद्यात कुठे होता? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात. तिथे उंदीर-घुशींबरोबर उपद्रवी प्राण्यांची यादी होती, आणि त्यात साधा कावळाही होता! २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. म्हणजे पन्नास वर्षं आपण वर्षातले पंधरा दिवस त्याला खीर-वडे दिले आणि कागदावर मात्र त्याला उपद्रवी ठरवून ठेवलं.

गोफण आणि सरवा

घरातून आता शेतात जाऊ. कारण मराठवाड्यातल्या पाखरांना सगळ्यात जास्त कुणी पोसलं असेल, तर ते ज्वारीने.

ज्वारी हुरड्यात आली की राखण सुरू व्हायची. शेतात उंच माळा, त्यावर बसलेलं पोरगं किंवा बाई, हातात गोफण, तोंडाने हाकारे. राघू, चिमण्या आणि मुख्य म्हणजे भोरड्या! भोरडी म्हणजे गुलाबी-काळी साळुंकी, हिवाळ्यात मध्य आशियाकडून येते. थवा इतका मोठा की आभाळात धूर हलल्यासारखा दिसतो. एकदा उतरला की कणसं रिकामी. ज्याचं पोट त्या ज्वारीवर आहे, त्याने गोफण फिरवली तर त्याला निर्दयी म्हणायचं का? त्याच्यासाठी भोरडी हा वर्षभराच्या भाकरीचा प्रश्न होता. आणि हाच थवा किडेही खातो, टोळही खातो. शेतकऱ्याला दोन्ही बाजू दिसायच्या.

पण राखण संपल्यावर काय व्हायचं? काढणी झाली, खळ्यावर मळणी झाली, उपणणी झाली की जमिनीवर पडलेली कणसं आणि दाणे उरायचे. त्याला शब्द आहे सरवा. सरवा गोरगरिबांनी वेचायचा आणि उरलेला पाखरांनी. त्यासाठी कुणी फलक लावला नव्हता, फोटो काढला नव्हता. उभ्या पिकावर गोफण, सांडलेल्यावर पाखरांचा हक्क. एकाच माणसाच्या हातून दोन्ही व्हायचं.

शहरातही तेच. औरंगाबादची पाणचक्की तुम्ही पाहिली असेल. १७४४ च्या सुमाराची. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली, दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून त्यावर फिरवलेली चक्की. येणाऱ्या-जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी इथे पीठ दळलं जायचं. आता तुम्हीच विचार करा: दळण आलं की सांडणं आलं, सांडणं आलं की पाखरं आली. आपल्या घरोघरीही बाया अंगणात सूप घेऊन धान्य पाखडायच्या, निवडायच्या, आणि चिमण्या अगदी पायाजवळ टिपत बसायच्या. त्यांना मुद्दाम 'खाऊ घालणारं' कुणी नव्हतं. आपली कामंच अशी होती की त्यात त्यांचं पोट भरायचं.

मग ती कामं बदलली. मराठवाड्यात ज्वारी मागे हटली, कापूस आणि सोयाबीन पुढे आलं. कापसाच्या बोंडात चिमणीला काय मिळणार? धान्य निवडलेलं, पाकीटबंद घरी येऊ लागलं. अंगणं फरशीची झाली. माळवदाची, कौलाची घरं गेली, भिंतीतली भोकं बुजली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, किडे कमी झाले.

किडे का महत्त्वाचे? कारण मोठी चिमणी दाणे खाते, पण तिची कोवळी पिलं दाण्यावर वाढत नाहीत. पहिले काही दिवस त्यांना अळ्या आणि किडेच लागतात. त्यामुळे तुम्ही गॅलरीत कितीही तांदूळ ठेवले, पण आसपास एक झुडूप नाही, गवत नाही, अळी नाही, तर चिमणी जेवून जाईल, पिलं वाढवू शकणार नाही.

चिमणीसाठी जगाने एक दिवस पाळावा ही कल्पना नाशिकहून निघाली, हे माहीत आहे का? नाशिकचे मोहम्मद दिलावर आणि त्यांची नेचर फॉरएव्हर सोसायटी यांच्या पुढाकाराने २० मार्च २०१० पासून जागतिक चिमणी दिन सुरू झाला. आणि चिमणी संपलीच असंही नाही. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२० चा मोठा अहवाल सांगतो की देशभरात चिमणी एकंदर टिकून आहे, घट दिसते ती मोठ्या शहरांत. म्हणजे प्रश्न पाखरापेक्षा आपल्या शहराचा आहे.

चिमणी गेली, पारवा आला

मग शहरात दाण्याची मूठ कुणाला मिळते? पारव्याला.

रानातलं मूळ पाखरू पारवा आणि माणसाने पाळलेलं ते कबूतर, पण जात एकच. पारव्याचं मूळ घर कुठलं? उभा कडा. देवगिरीचा तासलेला कातळ, वेरूळ-अजिंठ्याचे कडे, किल्ल्यांच्या भिंती, जुन्या विहिरींच्या कपारी. आता आपण शहरात काय बांधतो? उभे कडेच! दहा मजली इमारत, एसीच्या डब्यामागची कपार, पुलाखालचा कोनाडा. पारव्याला वाटलं असेल, माणसाने आपल्यासाठीच डोंगर उभे केलेत.

त्यात त्याचा अजून एक फायदा. पारव्याचे नर-मादी दोघेही आपल्या गळ्याच्या पिशवीत दुधासारखा पदार्थ तयार करतात आणि पिलांना भरवतात. त्यामुळे त्याला पिलांसाठी किडे लागत नाहीत. दाणा मिळाला की झालं, जवळपास वर्षभर वीण चालू. आपण दया सगळ्यांवर करतो, पण आपल्या मुठीतून वाढतो तो एकच पक्षी. देशभरात ज्यांची संख्या जोरात वाढतेय त्यात तो पुढे आहे. ज्याला मदतीची गरज नव्हती, त्याच्यापुढेच आपली सगळी मदत जाऊन पडते.

आणि हो, महाराष्ट्राचा राज्यपक्षीही कबुतराच्याच कुळातला आहे: हरियाल. हिरवा-पिवळा, देखणा. तो तुमच्या चौकात येणार नाही. त्याला वड, पिंपळ, उंबराची फळं लागतात. त्याच्यासाठी दाणा घेऊन उपयोग नाही, झाड ठेवावं लागतं.

ही फक्त आपली गोष्ट नाही. ब्रिटनमध्ये १८९०-९१ चा हिवाळा भयंकर कडक होता. वर्तमानपत्रांनी लोकांना आवाहन केलं, पाखरांसाठी घराबाहेर अन्न ठेवा. तिथून ती देशभरची आवड झाली. आज बागेत फीडर टांगणं तिथे अगदी घरगुती गोष्ट आहे. पण २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात एक आजार पसरला आणि त्यांची संख्या झपाट्याने घसरली. आजारी पक्ष्याची लाळ लागलेलं अन्न-पाणी हे प्रसाराचं मोठं कारण. एका जागी गर्दी जमवली की आजारही जमतो. तेव्हापासून तिथे फीडर नियमित धुवा, असं कानीकपाळी ओरडून सांगतात.

आणखी एक फरक लक्षात घ्या. त्यांची टंचाई हिवाळ्यातली, बर्फाची. आपली टंचाई उन्हाळ्यातली, पाण्याची. मे महिन्यात मराठवाड्यात पारा चाळिशीच्या वर जातो. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तो हा प्रदेश. इथे पसरट मातीच्या भांड्यातलं, रोज बदललेलं पाणी हे दाण्यापेक्षा कितीतरी मोठं दान आहे.

बघणारा माणूस

दाणा, गोफण, जाळं, पुण्य. या सगळ्यात एक गोष्ट राहिली: नुसतं बघणं.

मुंबईत एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला त्याच्या मामाने त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथल्या मिलार्ड साहेबांनी त्याला रागावण्याऐवजी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली. त्या मुलाचं नाव सलीम अली, जन्म १८९६. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, त्याच्या नावातही ती चिमणी आहे.

आपल्याशी त्यांचा संबंध काय? १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला सलीम अलींनी हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची मोठी पाहणी केली, आणि तेव्हा औरंगाबाद हा हैदराबाद संस्थानाचाच भाग होता. नियमित पगाराची नोकरी नव्हती. त्यांनी संस्थानिकांपुढे प्रस्ताव ठेवला: माझे श्रम फुकट, प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च तुम्ही करा. पत्नी तेहमिना बरोबर असत. कुठला पक्षी, कुठे, कुठल्या महिन्यात, काय खातो, घरटं कधी करतो, हे सगळं ते टिपत गेले. आज आपण 'इथे पूर्वी काय होतं' असं म्हणू शकतो ते अशा नोंदींच्या जोरावर.

शहरात दिल्ली गेटजवळ, हिमायत बागेसमोर जे तळं आहे, ते जुना खिजरी तलाव. त्याला आता सलीम अली सरोवर म्हणतात. मुघलकालीन बाग आणि जुनं तळं, अगदी शहराच्या पोटात. सांडपाण्याचा प्रश्न तिथेही आहेच. पण सकाळी अर्धा तास काठावर उभे राहिलात तर पाखरं काय खातात हे समजतं. बगळा मासा उचलतो, वेडा राघू हवेतच माशी धरतो, खंड्या नेम धरून बसतो. यातल्या एकालाही तुमच्या हातातल्या दाण्याची गरज नाही. गरज आहे ती तळ्याची.

नाथसागर: कुणी न मागितलेलं तळं

आणि आता पैठण. शहरापासून दक्षिणेला साधारण ५० किलोमीटर. संत एकनाथांचं गाव. नाथांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: काशीहून कावडीत गंगा घेऊन रामेश्वराला निघाले होते, वाटेत तहानेने तडफडणारं गाढव दिसलं, आणि देवासाठी आणलेलं पाणी त्यांनी त्याला पाजलं. त्यांनी गाढवाला आपल्याकडे जे होतं ते दिलं नाही. त्याला जे हवं होतं ते दिलं. योगायोगाने दोन्ही एकच होतं.

पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडी धरण झालं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. सुमारे १० किलोमीटर लांबीचं मातीचं धरण, २७ दरवाजे आणि मागे अथांग नाथसागर. धरण बांधलं माणसांच्या शेतीसाठी, तहानेसाठी. त्यासाठी कितीतरी गावं पाण्याखाली गेली, माणसं उठली. पाखरांचा विचार त्या नकाशात नव्हता.

पण हा जलाशय बशीसारखा पसरट. कडेला उथळ पाणी, गाळ, पाणी ओसरलं की चिखलाची मैदानं. गाळात किडे, गोगलगायी, शेवाळ, पाणवनस्पती. आणि थवे उतरायला लागले. रोहित पक्षी, चक्रवाक, वेगवेगळी बदकं, चिखलात चोच खुपसणारे छोटे पाणपक्षी. १९८६ मध्ये जायकवाडी पक्षी अभयारण्य जाहीर झालं.

त्या पाहुण्यांमध्ये एक आहे पट्टकादंब. राखाडी हंस, पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट, मंगोलिया, लडाखकडे वीण करतो आणि हिमालय ओलांडून खाली येतो. जुन्या ग्रंथांतला 'हंस' म्हणजे हाच असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे.

आता अजिंठ्याचं चित्र आठवा. मानस सरोवराकडून येणारे हंस आणि माणसाने बांधलेलं तळं. चित्रातली गोष्ट वाराणसीची होती. पण त्याच जिल्ह्यात, दीड हजार वर्षांनी, माणसाने खरंच तळं बांधलं आणि हिमालयापलीकडचे हंस खरंच आले. फरक एवढाच की यावेळी राजाने दाणा टाकला नव्हता. पाण्याने आणि गाळानेच सगळ्यांना जेवू घातलं.

मग अभयाचं काय? ते कागदावर १९८६ पासून आहे. प्रत्यक्षात मात्र नाथसागर हे अवघड घर आहे. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा होतो, कारण धरणात जमीन गेलेल्यांनाही पोट आहे. मासेमारीवर जगणारी कुटुंबं आहेत. शहराला प्यायला पाणी इथूनच येतं. आणि हंस रात्री शेतात चरतात, म्हणजे गोफणीचा जुना प्रश्न इथेही आहेच. 'पाखरं वाचवा' असं म्हणणं सोपं. या सगळ्यांच्या भुका एकाच तराजूत घालून बघणं अवघड. शिबीला ते करावं लागलं होतं, आपल्यालाही सुटका नाही.

मग मुठीचं काय करायचं?

प्रश्न विचारणारे विचारतीलच: म्हणजे दाणे टाकू नयेत का?

इतिहास आपल्याला हो किंवा नाही असं उत्तर देत नाही, पण चार कसोट्या देतो. चित्रग्रीवाची: हा दाणा इथे का आहे, आणि कुणासाठी? नाथांची: समोरच्याला खरंच काय हवंय? शेतकऱ्याची: माझ्या रोजच्या जगण्यात त्याला आपोआप वाटा मिळतो का? आणि हंस जातकातल्या राजाची: मला पाखरू जगायला हवंय, की माझ्यासमोर यायला हवंय?

मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर लोक कुरव पक्ष्यांना गाठ्या आणि चिप्स फेकतात. मध्य आशियाच्या पठारांवरून हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला आपण काय देतो, तर तेलात तळलेलं बेसन! फोटो मात्र मस्त येतो. या चार कसोट्यांवर तो फोटो ठेवून बघा.

तुमच्या हातात करण्यासारखं बरंच आहे. उन्हाळ्यात गच्चीवर पसरट भांड्यात पाणी ठेवा, रोज बदला, घासून धुवा. सोसायटीच्या कोपऱ्यात एखादं उंबराचं, लिंबाचं, बाभळीचं झाड असेल तर ते तोडू देऊ नका. थोडं गवत, थोडं झुडूप तसंच राहू द्या, अळ्यांसकट! चौकात पोतंभर धान्य ओतण्यापेक्षा ते पैसे झाडाच्या आळ्यात घाला. आणि डिसेंबर-जानेवारीत एकदा सकाळी नाथसागरावर जा. लांबून बघा, ड्रोन उडवू नका, थव्याला उठवू नका. एक वही घ्या, दिसलं ते तारखेसकट लिहा. नाव माहीत नसेल तर काठावरच्या कोळ्याला विचारा. पुस्तकात नसलेली नावं त्याच्याकडे असतात.

चिऊ-काऊचा घास भरवणारी आजी पाखरांची तज्ज्ञ नव्हती. तिने आपल्याला एवढंच शिकवलं की ताटात दुसऱ्याचा वाटा असतो. तो वाटा आज मुठीत मावत नाही. तो तळ्यात आहे, गाळात आहे, न तोडलेल्या झाडात आहे. तो त्याच्या जागेवर राहू देणं, हाच आजचा काकबळी.

तुमच्या गावात पाखरांच्या वाट्याची कुठली पद्धत होती? सरवा, राखण, पाण्याचं कुंड, काहीही. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि आम्हाला आवाजात रेकॉर्ड करून पाठवा. निवडक आठवणी पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत भेटत राहू, ऐकत राहा!